पाणबुडी नौसैनिकांचे स्मरण (सातारा–सांगली)

भारतीय नौदलाच्या पाणबुडी शाखेतून निवृत्त झालेल्या आणि आता हयात नसलेल्या नौसैनिकांची आठवण सातारा व सांगली जिल्ह्यांत ज्या रीतीने जपली जाते ती प्रथा. तिला ठरलेले नाव नाही. रक्षाविसर्जनाच्या वेळची भाषणे, वर्तमानपत्रातली पुण्यस्मरणाची चौकट, ८ डिसेंबरचा पाणबुडी दिन आणि घरातल्या लोखंडी ट्रंकेतले कागद यांवर ती उभी आहे.

सातारा हा सैनिकांचा जिल्हा. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ साली साताऱ्यातच सुरू झाली आणि अपशिंगे या गावाच्या नावापुढे ‘मिलिटरी’ हा शब्द कायमचा चिकटला. सांगली जिल्हाही मूळचा साताऱ्याचाच दक्षिण भाग. तो १९४९ मध्ये वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला आजचे नाव मिळाले. इथे पलटणीची परंपरा इतकी जुनी आहे की कोणी ‘मिलिटरीत’ होता म्हटले की डोळ्यांपुढे मराठा लाइट इन्फन्ट्रीचा जवानच येतो. समुद्र सह्याद्रीपलीकडे राहिला. खरे तर हा मुलूख आरमाराला परका नाही. कान्होजी आंग्रे शाहू महाराजांच्या पक्षात आले आणि त्यांची सरखेली, म्हणजे आरमारप्रमुखपद, १७१३-१४ च्या सुमारास पक्की झाली ती सातारच्या गादीखालीच. तरी कृष्णाकाठच्या गावात नौसैनिक म्हणजे ‘नेव्हीवाले तात्या’, आणि तात्या बोटीवर होते म्हणजे पाण्यावर होते, एवढीच समजूत असते. ते पाण्याखाली होते हे पुष्कळदा त्यांच्या दहाव्याला आलेल्या सोबत्याकडून कळते.

हे असे होण्याचे कारण त्या नोकरीतच आहे. पाणबुडी कुठे चालली आणि कधी परतणार हे घरी सांगायची मुभा नसे. गावाकडून जाणाऱ्या पत्रावर बोटीचे नाव आणि खाली ‘केअर ऑफ फ्लीट मेल ऑफिस’ एवढाच पत्ता असायचा. बोट अरबी समुद्रात असो की बंगालच्या उपसागरात, पत्ता तोच. वर्षानुवर्षे न बोलण्याची सवय लागलेला माणूस पेन्शनीत आल्यावरही फारसा बोलत नाही. रणगाड्यावरचा जवान पारावर बसून लढाई सांगतो. पाणबुडीवाला अण्णा विहिरीची मोटर दुरुस्त करतो, आवाजावरून बेअरिंग गेल्याचे ओळखतो, आणि हे कुठे शिकलात असे विचारले तर ‘नेव्हीत’ म्हणून विषय संपवतो.

शाखेची सुरुवात ८ डिसेंबर १९६७ रोजी झाली. त्या दिवशी तत्कालीन सोव्हिएत संघातील रीगा बंदरात आयएनएस कलवरी नौदलात दाखल झाली. तिच्यामागून खंदेरी, करंज आणि कुरसुरा या फॉक्सट्रॉट वर्गाच्या पाणबुड्या आल्या. त्यांतली खंदेरी शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये मुंबईजवळच्या बेटावर उभारायला घेतलेल्या किल्ल्याच्या नावाची, म्हणून मराठी माणसाला ती आपली वाटते. पहिल्या बोटींवरचे लोक रशियन शिकून आले होते आणि अशा एखाद्या घरच्या शोकेसमध्ये एकात एक बसणाऱ्या लाकडी बाहुल्या अजून दिसतात. १९७१ च्या युद्धात करंज कमांडर विजयसिंह शेखावत यांच्या हाताखाली गस्तीवर होती. त्यांना वीरचक्र मिळाले आणि पुढे ते नौदलप्रमुख झाले. पहिल्या तुकड्यांतली माणसे आज ऐंशीच्या आसपास आहेत. या नोंदीची निकड त्यातून आली आहे.

पाणबुडीवर जाणे सक्तीचे नव्हते, स्वेच्छेने जायचे असे. फॉक्सट्रॉटची लांबी सुमारे ९१ मीटर, आत सात कप्पे आणि एका कप्प्यातून दुसऱ्यात जायला गोल दरवाजा. पंच्याहत्तरच्या आसपास माणसे, गोडे पाणी मोजके, आणि डिझेलचा वास कपड्यांत, केसांत, भाकरीतसुद्धा. नव्या माणसाला बोटीतली प्रत्येक नळी, प्रत्येक झडप कुठून निघते आणि कुठे जाते हे अंधारातही सांगता यावे लागे. परीक्षा उतरल्यावरच छातीवर डॉल्फिनचे चिन्ह मिळे. स्वयंपाक्यालाही यातून सूट नव्हती. पाणी आत आले तर कोणाचा हात झडपेजवळ असेल ते सांगता येत नाही. म्हणून पाणबुडीवाल्याची ओळख सांगताना त्याच्या हुद्द्याच्या बरोबरीने ‘डॉल्फिन’ सांगितले पाहिजे. श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर ‘माजी सैनिक’ एवढेच छापले की माणसाच्या आयुष्यातली सर्वांत कष्टाने मिळवलेली गोष्टच गळते.

स्मरणाचा पहिला प्रसंग रक्षाविसर्जनाचा. या भागात तिसऱ्या दिवशी सकाळी भावकी, पै-पाहुणे आणि गावकरी जमतात. नैवेद्य ठेवला जातो आणि कावळा शिवेपर्यंत लोक बोलतात. साताऱ्यात हे संगम माहुलीला, कृष्णा-वेण्णेच्या संगमावर चालते, तर खेड्यात ज्या त्या ओढ्याकाठी. अलीकडे रक्षा नदीत न सोडता शेतात झाडाच्या बुंध्याशी घालण्याची चाल वाढली आहे. सरपंच बोलतात, सोसायटीचे चेअरमन बोलतात. मग मागच्या रांगेतून दुसऱ्या तालुक्याचा कोणी म्हातारा पुढे येतो, टोपी नीट करतो, आणि नात्याचा कोण हे न सांगता थेट बोटीचे नाव घेतो. ‘आम्ही वागलीवर बरोबर होतो.’ पुढची दोन मिनिटे घरच्यांनाही नवी असतात. थोरल्या मुलाने मान वर करून त्या माणसाकडे बघावे, असा तो क्षण असतो.

सरकारी मानवंदनेबाबत लोकांत गैरसमज आहे. सेवेत असताना मृत्यू आला तर लष्करी इतमाम, बंदुकीच्या फैरी, बिगूल हे सारे होते. निवृत्तीनंतर वार्धक्याने गेलेल्या नौसैनिकाला ते आपोआप मिळत नाही. ध्वजसंहितेनुसार तिरंगाही शासकीय, लष्करी किंवा निमलष्करी इतमामाच्या अंत्यसंस्कारातच पार्थिवावर घालता येतो. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्धस्मारकावर (२०१९) नावे कोरली आहेत ती कर्तव्यावर प्राण गेलेल्यांची. तीस वर्षांच्या अंतराने अंथरुणात गेलेल्या पाणबुडीवाल्यासाठी दगड नाही. त्याची आठवण गावालाच ठेवावी लागते.

गावाला त्याची सवय आहे. वाई तालुक्यातल्या किकलीच्या भैरवनाथ मंदिराजवळ वीरगळांची, म्हणजे लढाईत पडलेल्यांच्या स्मरणशिलांची, रांग आहे. मुंबईत बोरिवलीजवळ एकसर येथे तर होड्यांच्या लढाईचेच वीरगळ आहेत. पण दगड नाव सांगतोच असे नाही. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांनी गावोगाव बसवलेल्या संगमरवरी पाट्यांवर बहुधा या गावातून किती माणसे लढाईवर गेली आणि त्यांतली किती मेली एवढेच असते. आकडा आहे, माणूस नाही. शंभर वर्षांनी आपण पाणबुडीवाल्यांच्या बाबतीत तेच करू नये, असे या नोंदीच्या लेखकाला मनापासून वाटते.

नाव राखण्याचे साधन घरातच असते. काळ्या रंगाची ट्रंक, झाकणावर पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर. आत डांबराच्या गोळ्या घातलेला पांढरा गणवेश, रुमालात गुंडाळलेले डॉल्फिन, डिस्चार्ज बुक, पेन्शन मंजुरीचा आदेश (पी.पी.ओ.) आणि सुतळीने बांधलेली आंतर्देशीय पत्रे. बायकोने लिहिलेली आणि त्याने परत आणलेली ही पत्रे फार मोलाची आहेत. पत्त्यात बोटीचे नाव आणि वर टपालाचा शिक्का असल्याने तो कोणत्या साली कोणत्या बोटीवर होता हे त्यांवरून जुळवता येते. नौसैनिकांच्या सेवानोंदी मुंबईत मानखुर्दच्या चीता कॅम्पमधील ब्युरो ऑफ सेलर्सकडे असतात. तिथे लिहिताना नौसैनिकाचा सेवाक्रमांक लागतो आणि तो ट्रंकेच्या झाकणावरच असतो. ट्रंक भंगारात जाण्याआधी झाकणाचा फोटो काढून ठेवावा.

डिसेंबरचा पहिला आठवडा या माणसांचा: ४ तारखेला नौदल दिन, ७ ला ध्वजदिन, ८ ला पाणबुडी दिन. जिथे दोघे-चौघे माजी पाणबुडीवाले गाठ पडण्याजोगे असतात तिथे ८ तारखेला चहावर बसतात आणि गेल्या वर्षात कोण गेले ते मोजतात. १४ ऑगस्ट २०१३ ला मुंबईच्या गोदीत सिंधुरक्षक पाणबुडीच्या स्फोटात प्राण गेलेल्या १८ जणांचे नावही मग निघतेच. घरचे श्राद्ध तिथीला होते, सोबत्यांचे तारखेला. दोन्हींचा मेळ घालायची कोणाला गरज वाटत नाही.

कुरसुरा २७ फेब्रुवारी २००१ रोजी सेवामुक्त झाली आणि विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर संग्रहालय म्हणून ठेवली आहे. ज्यांच्या घरचा माणूस फॉक्सट्रॉटवर होता त्यांनी ती आतून पाहावी. गोल दरवाजातून वाकून जाताना हात आपोआप वरच्या नळ्यांना लागतो. एकावर एक बसवलेले बाकडेवजा बिछाने एवढे अरुंद की कूस बदलायला जागा नाही. तात्या अंगणातल्या ऐसपैस बाजेवरही एका कडेला अंग चोरून का झोपायचे, ते तिथे कळते.