हाय-एंड बेस हवाय की सेटअप?

‘माझ्या बेस गिटारला दम नाही, आता भारीतल्या बेससाठी पैसे साठवतोय’ असं कुणी म्हटलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: शेवटचा सेटअप, म्हणजे वाद्याच्या भागांची बारीक जुळवाजुळव, कधी झाला? बहुतेकदा तो कधीच झालेला नसतो. तारा जुनाट, नेक (वाद्याचा लांब दांडा) पुढे ओढला गेलेला, ॲक्शन (तारांची नेकपासूनची उंची) एवढी उंच की करंगळी भरून येते. असा बेस बाजूला ठेवून माणूस हाय-एंड बेस हातात घेतो, दहा मिनिटांत भारावतो आणि सगळं श्रेय किमतीला देऊन टाकतो. जवारी (तारा टेकतात त्या घोडीची जुळणी) बिघडलेला तानपुरा नुकत्याच जवारी काढलेल्या तानपुऱ्याशेजारी ठेवून कुणी भोपळ्याची प्रत ठरवत नाही. बेसच्या बाबतीत मात्र हे सर्रास चालतं.

सेटअप म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊक असणार, म्हणून भरभर सांगतो. पहिला आणि शेवटचा फ्रेट (नेकवरची धातूची आडवी पट्टी) दाबल्यावर सातव्या-आठव्या फ्रेटपाशी 0.3 मिलिमीटरच्या आसपास फट राहील असा ट्रस रॉड (नेकच्या आतला, त्याचा बाक ठरवणारा दांडा). बाराव्या फ्रेटवर जाड ई तार 2 ते 2.5 मिलिमीटर वर. इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवर सूर अचूक लागणं), नटच्या (नेकच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचा, पिकअपची (तारेचं कंपन टिपणाऱ्या भागाची) उंची. पुढे आपल्या हाताप्रमाणे कमी-जास्त.

घोळ होतो तो यानंतर. कुठला दोष सेटअपने जातो, कुठला साध्या दुरुस्तीने जातो आणि कुठला त्या वाद्याच्या अंगातच आहे, हे वेगळं काढल्याशिवाय नव्या बेसचा विचार करण्यात अर्थ नाही. आणि नेमकं हेच कुणी करत नाही.

खरखर घ्या. फक्त मोकळी, फ्रेट न दाबलेली तार खरखरत असेल तर नट बघा. पहिल्या चार-पाच फ्रेटवर खरखर असेल तर नेक फार सरळ झालाय, रॉड किंचित सैल करा. वरच्या फ्रेटवर सगळीकडे असेल तर बहुतेकदा ॲक्शन खाली गेलीय. हे सगळं सेटअपचं काम. पण एखाद्याच ठिकाणी, समजा आठवा फ्रेट दाबला तरच सूर मरतो आणि सातवा-दहावा स्वच्छ वाजतात, तर नववा फ्रेट वर आलेला आहे. त्यावर रॉड फिरवत बसणं म्हणजे बाकीचा नेक बिघडवणं. ते फ्रेट लेव्हलिंगचं (सगळे फ्रेट एका पातळीत आणण्याचं) काम आहे आणि चांगला कारागीर ते करून देतो. त्यासाठीही नवा बेस लागत नाही.

नेकचंही तसंच. हवेतल्या ओलाव्याप्रमाणे तो थोडा हलला तर तो दोष नाही. लाकूड आहे, हलणारच. मात्र रॉड शेवटपर्यंत घट्ट करूनही बाक जात नसेल, किंवा नेकला पीळ बसला असेल, तर नेहमीचा रॉड काही करू शकत नाही, कारण तो लांबीतला बाक काढतो, पीळ काढत नाही.

आणि मग डेड स्पॉट. हा खरोखर वाद्याच्या अंगातला दोष, आणि सगळ्यात जास्त गैरसमज याच्याभोवती. सगळ्यात बारीक जी तारेवर पाचव्यापासून सातव्या फ्रेटपर्यंत एकेक सूर छेडून तसाच धरून ठेवा. मधला एखादा सूर ठण्ण वाजतो आणि लगेच विझतो. पिकअप खराब असावा असं वाटतं. तोच सूर दुसरीकडे वाजवून बघा: जी तारेच्या पाचव्या फ्रेटवरचा सी आणि डी तारेच्या दहाव्या फ्रेटवरचा सी एकच. तिथे तो भरपूर टिकत असेल तर पिकअप निर्दोष आहे. त्या कंपनसंख्येला नेक स्वतःच थरथरतो आणि तारेची शक्ती खाऊन टाकतो. हेडस्टॉकला (नेकच्या खुंट्या असलेल्या टोकाला) छोटा क्लॅम्प लावून वजन वाढवलं की तो डेड स्पॉट थोडा सरकतो, कारण नेकची कंपनसंख्या बदलते. जागा बदलते, दोष राहतो. सेटअपने हे सुटत नाही. ताठ नेक हाच उपाय, आणि पैसे खर्च करायला हे माझ्या मते सगळ्यात सबळ कारण. कार्बन फायबरचे नेक 1970 च्या दशकाच्या अखेरीस आले आणि त्यांचा मोठा फायदा हाच होता. पण महागड्या लाकडी बेसमध्येही डेड स्पॉट सापडतो. किंमत याची हमी देत नाही.

पाच तारांच्या बेसची खालची बी तार ढिली लागते, ही दुसरी नेहमीची तक्रार. त्यावर 34 ऐवजी 35 इंची स्केलचा (तारेच्या वाजत्या लांबीचा) बेस घ्या, असा सल्ला मिळतो. गणित करून बघा: तोच सूर, तीच तार, एक इंच जास्त लांबी, तर ताण साधारण 6 टक्के वाढतो. तेच .125 इंच जाडीची तार काढून .130 ची लावली तर साधारण 8 टक्के. आधी तार बदला.

बाकीच्या गोष्टींवर मला फार वेळ घालवायचा नाही. ॲक्टिव्ह म्हणजे हाय-एंड, हे डोक्यातून काढून टाका. ॲक्टिव्ह म्हणजे आत बॅटरीवर चालणारा प्रीॲम्प (आवाज वाढवणारं छोटं सर्किट) आहे, इतकंच. तो 1976 च्या म्युझिक मॅन कंपनीच्या स्टिंगरे बेसमध्येही होता आणि आज साध्या बेसमध्येही असतो. वरच्या लाकडाच्या लाटा नि सोनेरी हार्डवेअर आवाजासाठी नाहीत. वजन आणि तोल मात्र महत्त्वाचे. हेडस्टॉक सतत खाली झुकणारा बेस मी कुठल्याही किमतीला घेणार नाही.

आवाजाचंच म्हणाल तर मोटाउन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीच्या कितीतरी गाण्यांवर वाजवणारे जेम्स जेमर्सन 1962 चा फेंडर प्रिसिजन वापरत. कारखान्यात सरसकट बनणारा बेस, क्वचितच बदललेल्या फ्लॅटवाउंड (गुळगुळीत पृष्ठभागाच्या) तारा आणि छेडायला एक तर्जनी. बेसवादक मार्कस मिलर यांचा ओळखीचा बेस 1977 चा फेंडर जॅझ. वाद्यकारागीर रॉजर सॅडोस्कींनी त्यात प्रीॲम्प बसवून तो घडवला. कारखान्याचं वाद्य आणि जाणत्या कारागिराचे हात, एवढ्यावर ते उभं राहिलं.

म्हणून क्रम असा ठेवा. नव्या तारा, सेटअप, गरज असेल तर फ्रेटचं काम. मग दोन-तीन महिने तोच बेस वाजवा आणि जे खटकतं ते नाव घेऊन लिहा. ‘दम नाही’ चालणार नाही. ‘जी तारेवर सहावा फ्रेट मरतो’, ‘दोन तासांत खांदा धरतो’, ‘जवळ प्रकाशयोजना असली की गुणगुण येते’ असं लिहा. यातली गुणगुणही बहुतेकदा शील्डिंग (बाहेरचा विद्युत त्रास अडवणारं अस्तर) किंवा हमबकिंग (गुणगुण मारणाऱ्या) पिकअपने आटोक्यात येते. एवढं करूनही यादीत काही उरलं, तर जरूर पैसे साठवा, आणि कमीपणा वाटून घेऊ नका. फ्रेटची टोकं हाताने गोल केलेली, नेकचा सांधा घट्ट, तळापासून टोकापर्यंत सूर सारखे, असं वाद्य रोज हातात असणं ही मोठी गोष्ट आहे.

निवडायला जाल तेव्हा तुमच्या बेसवर आहेत त्याच जाडीच्या, त्याच प्रकारच्या तारा त्यावर लावायला सांगा. ॲम्पचे सगळे नॉब मध्यावर. पट्टा लावून, उभं राहून, तासभर तरी वाजवा. आधी ॲम्पविना प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट. यादीतला दोष तिथेही सापडला तर तो बेस घेऊ नका, मग हेडस्टॉकवर नाव कुणाचंही असो.