शंभर वर्षं कोरड्या राहिलेल्या कामगार-घरांना आता ओल का लागते?

लीड्स, मँचेस्टरच्या जुन्या भागांत एकमेकांना चिकटलेल्या लाल विटांच्या घरांच्या लांबच लांब रांगा आहेत. खाली दोन खोल्या, वर दोन, मागे चिमुकलं अंगण आणि पूर्वी त्यात संडास. इंग्लंडमध्ये १८७५च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यामागोमाग १८७७ साली नमुना नियमावली आली. घरामागे किमान १५० चौरस फूट मोकळी जागा आणि खोलीच्या क्षेत्रफळाच्या निदान एक दशांश खिडकी, असं तिचं मागणं होतं. त्याआधीची कित्येक घरं पाठीला पाठ लावून बांधलेली. त्यांना मागची खिडकीच नसे.

या घरांची बाहेरची भिंत बहुधा नऊ इंची, म्हणजे एका विटेच्या लांबीइतकी जाड आणि भरीव. पावसाचं पाणी तिच्यात थोडं मुरणारच. विटा जोडल्या होत्या चुन्यात. चुना विटेपेक्षा मऊ आणि सच्छिद्र, त्यामुळे मुरलेलं पाणी दर्जांवाटे, म्हणजे विटांमधल्या सांध्यांवाटे, बाहेर वाळून जाई. आत कोळसा पेटला की धुराडं खोलीतली दमट हवा ओढून घेई. तळमजल्याच्या फळ्यांखाली पोकळी असे आणि पुढच्या-मागच्या भिंतींतल्या जाळीच्या विटांमधून तिथे वारा खेळे.

बिघडतं ते दुरुस्तीने. दर्जांत सिमेंट भरलं की पाण्याची वाट बंद होते आणि ते विटेतच साठतं. थंडीत गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं, मग विटेचा दर्शनी पापुद्रा सुटून पडतो. सिमेंट मात्र तसंच शाबूत! अंगणात फरशीवर फरशी चढवली की जाळीच्या विटा गाडल्या जातात. खालची हवा कोंडते, लाकडातला ओलावा २० टक्क्यांवर जातो आणि तुळयांची भिंतीत रोवलेली टोकं कुजू लागतात.

म्हणून ओल थांबवायला भिंतीत रसायन टोचण्याआधी छपराची पन्हळ तपासावी. जमिनीतली ओल वर चढू नये म्हणून भिंतीच्या तळाशी घातलेल्या ओलरोधक थराच्या निदान सहा इंच खाली बाहेरची जमीन आणावी, जाळ्या मोकळ्या कराव्यात. मगच सिमेंट हातोडी-छिन्नीने काढावं. ग्राइंडरने विटांच्या कडा कापल्या जातात. दर्ज रुंदीच्या दुप्पट खोल कोरून ओली करावी, एक भाग चुन्याला साधारण तीन भाग वाळू घेऊन भरावी आणि वर काही दिवस ओलं गोणपाट टांगावं. तापमान ५ अंशांखाली जाणार असेल, तर काम पुढे ढकलावं.