पाळीपद्धत (मुंबई)

पाळीपद्धत : एखादे यंत्र, जागा किंवा सेवा एका माणसाच्या कामाच्या तासांपलीकडे चालू ठेवण्यासाठी ठरावीक वेळेला माणसे बदलत राहण्याची रीत. रोजच्या बोलण्यात ‘पाळी’चा दुसरा अर्थ पुढे आल्यामुळे कामाच्या पाळीला आता बहुतेक जण ‘शिफ्ट’ म्हणतात. ‘रातपाळी’ हा शब्द मात्र टिकून आहे. मुंबईत गिरण्या, गोदी, लोकल गाड्या, बेस्टच्या बस, इस्पितळे, पोलीस ठाणी, कॉल सेंटर आणि सोसायटीच्या दारावरचा वॉचमन हे सगळे या रीतीवर चालत आले आहेत. व्यवस्थापनशास्त्र, उपयोजित गणित आणि श्रमिकांचे आरोग्य या तिन्ही शास्त्रांत पाळीचा अभ्यास होतो. किती माणसे ठेवावीत हा पहिल्याचा प्रश्न, कमीत कमी कितीत भागेल हा दुसऱ्याचा, आणि त्या माणसांचे पुढे काय होते हा तिसऱ्याचा.

पाळीचे मूळ गणित सोपे आहे. आठवड्याचे तास 168. एका माणसाने 48 तास काम करायचे, तर चोवीस तासांची एक जागा भरायला 168 भागिले 48, म्हणजे साडेतीन माणसे लागतात. दुसऱ्या वाटेने मोजले तरी तेच: दिवसाला तीन पाळ्या, आठवड्याला एकवीस, प्रत्येकाला एक सुट्टी दिली की माणशी सहा, एकवीस भागिले सहा, साडेतीन. सुट्टी दिलीच नाही तर मात्र तिघांत काम भागते. हा वरचा अर्धा माणूस आठवड्याच्या सुट्टीपोटी जन्माला येतो. आजारपण, रजा, गावची जत्रा धरली तर आकडा चारच्याही पुढे जातो. अर्धा माणूस नेमता येत नाही, म्हणून त्याच्या जागी कधी बदली कामगार येतो, कधी रिलीव्हर, आणि कोणीच आले नाही तर आधीचाच माणूस ‘डबल मारतो’. सोसायटीच्या दारावर बारा-बारा तासांचे दोनच वॉचमन असतील आणि रिलीव्हर नसेल, तर प्रत्येकाच्या वाट्याला आठवड्याचे 84 तास येतात. ठेकेदाराचे बिल कमी का, याचे उत्तर याच भागाकारात आहे.

कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 साली स्थापलेल्या कंपनीची ताडदेवची गिरणी ही मुंबईची पहिली कापडगिरणी. सुरुवातीच्या गिरण्यांत पाळी नव्हती. उजाडले की यंत्र सुरू, अंधारले की बंद. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि 10 जून 1890 रोजी रविवारची सुट्टी पदरात पाडून घेतली. विसाव्या शतकाच्या आरंभी गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताची अडचण राहिली नाही; कामाचा दिवस ताणला गेला. 1911 च्या कायद्याने कापडगिरण्यांतील प्रौढ पुरुषांना बारा तासांची मर्यादा घातली, 1922 मध्ये ती अकरावर आली, 1934 मध्ये दहावर. माणसाचे तास कमी होत गेले. यंत्राचे तास कमी करण्याची मालकांना गरज नव्हती. माणसाचा दिवस आणि यंत्राचा दिवस असे वेगळे झाले तेव्हाच खरी पाळीपद्धत आली, आणि 1930 च्या दशकात रातपाळी गिरणगावाच्या अंगवळणी पडू लागली.

पुढे तीन पाळ्यांचे वेळापत्रक साधारणतः असे रुळले: पहिली सकाळी सात ते दुपारी साडेतीन, दुसरी साडेतीन ते रात्री बारा, तिसरी बारा ते सकाळी सात. गिरणीचा भोंगा हे परळ-लालबागचे घड्याळ होते. चाळीच्या दहा बाय बाराच्या खोलीत दहा-बारा पुरुष राहू शकत, ते पाळ्यांच्याच जोरावर. पहिलीवाला उठून गेला की तिसरीवाला त्याच जागेवर वळकटी पसरायचा. खानावळवालीच्या पंगतीही पाळीप्रमाणे बसत, त्यामुळे तिचा स्वतःचा दिवस कुठल्याच पाळीत मावत नसे. कामाच्या तासांचा कायदा तिच्या चुलीपर्यंत कधी पोचला नाही.

वरच्या अर्ध्या माणसासाठी गिरणीने बदली कामगार शोधला. सकाळी दारात उभे राहायचे, कोणी गैरहजर असेल तर मुकादम आत घेणार, नसेल तर घरी परत. मुकादमाची मर्जी सांभाळणे हा या नोकरीचाच भाग होता. 1930 च्या दशकात मालकांनी बदली कार्डे देऊन या गर्दीला थोडी शिस्त लावली, पण वर्षानुवर्षे बदलीच राहिलेल्या कामगारांचा असंतोष 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपापर्यंत धुमसत होता.

1948 च्या कारखाने अधिनियमाने दिवसाला नऊ आणि आठवड्याला 48 तासांची मर्यादा घातली, सलग पाच तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती आणि जादा कामाला दुप्पट मजुरी ठरवली. त्यातले दोन बारकावे पाळीच्या अभ्यासकाने आवर्जून पाहावेत. मध्यरात्र ओलांडणाऱ्या पाळीची सुट्टी कॅलेंडरच्या तारखेने न मोजता पाळी सुटल्यापासून पुढचे सलग चोवीस तास अशी मोजायची; नाहीतर रविवारी सकाळी सातपर्यंत काम केलेल्याची सुट्टी निम्मी झोपेतच जाते. दुसरे, एकाच प्रकारच्या कामासाठी एकमेकींवर चढणाऱ्या पाळ्यांना बंदी, कारण तशा पाळ्यांत कोण किती तास राबला हे निरीक्षकाला शोधून काढणे अवघड होते.

गणिताच्या दालनात पाळीचा प्रवेश टेलिफोनमुळे झाला. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतील ए. के. एरलांग यांनी 1917 मध्ये मांडलेली सूत्रे सांगतात की अमुक इतके फोन येत असतील आणि प्रत्येकाला अमुक वेळ लागत असेल, तर किती जणांना बसवले म्हणजे वाट पाहणे मर्यादेत राहील. मालाड किंवा ऐरोलीच्या कॉल सेंटरमध्ये दर अर्ध्या तासाला किती ‘सीट’ भरायच्या हे आजही त्याच घराण्यातल्या सूत्रांनी ठरते. त्यावर चहा, ट्रेनिंग, रजा, आजारपण यांचा जो टक्का चढवतात त्याला तिथे ‘श्रिंकेज’ म्हणतात. आपला अर्धा माणूस तिथे हे नाव घेऊन वावरतो.

पुढची पायरी 1954 ची. अमेरिकेत लेस्ली एडी यांनी टोलनाक्यांवरच्या रांगांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि जॉर्ज डँट्झिग यांनी त्यावर एक छोटी टिपणी लिहिली. कोणत्या तासाला किती माणसे हवीत हे ठाऊक असेल, तर कोणत्या पाळीत किती जण घ्यायचे हा प्रश्न रेषीय प्रायोजनाने (लिनियर प्रोग्रॅमिंगने, म्हणजे अटी सांभाळून कमीत कमी खर्चाचा पर्याय शोधण्याच्या गणिताने) सोडवता येतो, हे तिचे सार. माणसागणिक अटी आल्या की मात्र गणित अंगावर येते. एका वॉर्डात तीस परिचारिका, चार आठवडे, रोज मॉर्निंग, इव्हिनिंग, नाईट किंवा ऑफ यांतली एक निवड. एवढ्यावरच शक्य मांडण्यांची संख्या 506 अंकी होते. इन्चार्ज सिस्टर हे कोडे दर महिन्याला शिसपेन्सिल आणि खोडरबर घेऊन सोडवते. कोणाच्या मुलाची दहावी, कोणाचे डोहाळे, कोणाला कर्जतची शेवटची गाडी गाठायची, हे तिच्या डोक्यात असते. संगणकाचे वेळापत्रक अनेकदा तिच्यापेक्षा काटकसरीचे निघते. समजूतदार निघतेच असे नाही. रेल्वेत मोटरमनच्या पाळ्यांच्या अशाच आखलेल्या साखळीला ‘लिंक’ म्हणतात.

आरोग्याची बाजू शरीराच्या घड्याळापासून सुरू होते. मेंदूतील एक लहानसा पेशीपुंज प्रकाश पाहून दिवसाची लय राखतो. पेशींच्या आतली ही लय कशी चालते, या शोधासाठी जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना 2017 चे नोबेल मिळाले. पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान शरीराचे तापमान आणि सावधपणा तळाला असतो. रातपाळीनंतरची दिवसाची झोप नेहमीपेक्षा काही तासांनी तोकडी पडते, आणि मुंबईत तर दाराची बेल, कुकरची शिट्टी आणि समोरच्या इमारतीचे खोदकाम तिला आणखी कातरते. सायमन फोकार्ड आणि फिलिप टकर यांनी 2003 मध्ये अनेक अभ्यास एकत्र केले. सकाळच्या पाळीच्या तुलनेत अपघात आणि इजांचा धोका दुपारच्या पाळीत 18 टक्क्यांनी आणि रात्री 30 टक्क्यांनी जास्त दिसला; सलग चौथ्या रात्री तो पहिल्या रात्रीपेक्षा 36 टक्क्यांनी चढला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2007 मध्ये आणि पुन्हा 2019 मध्ये रातपाळीला ‘बहुधा कर्करोगकारक’ या वर्गात ठेवले. आकडे वाचताना एक खबरदारी घ्यावी. ज्यांना रातपाळी झेपत नाही ते ती सोडून जातात, त्यामुळे मागे राहिलेल्यांची तपासणी केली की पाळी आहे त्यापेक्षा निरुपद्रवी भासते.

पाळ्या फिरवण्याच्या दिशेलाही महत्त्व आहे. माणसाचे अंतर्गत घड्याळ चोवीस तासांहून किंचित लांब असल्यामुळे उशिरा झोपणे लवकर झोपण्यापेक्षा सोपे जाते. म्हणून सकाळ, मग दुपार, मग रात्र असा पुढचा क्रम उलट्या क्रमापेक्षा सोसतो. चार्ल्स झाइस्लर आणि सहकाऱ्यांनी युटाहमधील खनिज कारखान्यात हे बदलून पाहिले आणि निष्कर्ष 1982 मध्ये छापले. त्याच वर्षी मुंबईतल्या गिरण्यांच्या पाळ्या संपामुळे थांबल्या होत्या. उलट्या क्रमातला खरा घात दोन पाळ्यांमधल्या फटीत असतो. रात्री दहाला सुटून सकाळी सहाला हजर व्हायचे, तर कागदावर आठ तास मिळतात; बदलापूरला राहणाऱ्याचे जाऊन-येऊन चार तास गाडीत, उरलेल्यात जेवण, अंघोळ आणि झोप. युरोपीय संघाच्या नियमांत रोज सलग अकरा तासांची विश्रांती आहे. मुंबईत हा नियम लावायचा तर लोकलचे वेळापत्रकही शेजारी ठेवावे लागेल.

हे संशोधन करणाऱ्या संस्था शहरातच आहेत. विहार तलावाकाठी 1963 मध्ये औद्योगिक अभियांत्रिकीची राष्ट्रीय संस्था निघाली, जी 2023 पासून आयआयएम मुंबई आहे; पवईच्या आयआयटीत क्रियासंशोधन (ऑपरेशन्स रिसर्च) शिकवले जाते; शीवच्या केंद्रीय श्रम संस्थेत श्रमविज्ञान आणि औद्योगिक आरोग्याचे काम चालते. पवई ते शीव हे अंतर फार नाही, तरी वेळापत्रक आखणारा आणि झोप मोजणारा एका टेबलाशी क्वचितच बसतात.

पाळीचे तास कमी करण्याचा एक प्रयोग पोलिसांनी केला. 2016 मध्ये देवनार पोलीस ठाण्यात, तिथल्याच एका कर्मचाऱ्याच्या सूचनेवरून, बारा तासांऐवजी आठ तासांची ड्युटी सुरू झाली. तेव्हा दत्ता पडसलगीकर आयुक्त होते. पुढे ती इतर ठाण्यांत नेण्यात आली. दोनाच्या तीन पाळ्या झाल्या की प्रत्येक पाळीला माणसे कमी पडतात. गणपती, निवडणूक, मोर्चा आला की आठ तास पुन्हा बारावर जातात. साडेतीनचा भागाकार खाकी वर्दीलाही चुकत नाही.

महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना अधिनियमाने स्त्रियांना त्यांच्या संमतीने आणि सुरक्षेच्या अटींसह रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत काम करण्याची मुभा दिली. कॉल सेंटरमध्ये पाळी कधी लागणार हे मुंबईचा सूर्य ठरवत नाही. न्यूयॉर्कला सकाळचे नऊ वाजतात तेव्हा इथे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात झालेले असतात. मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडचे घड्याळ सरकले, की सोमवारी ठाण्याच्या नाक्यावर कॅब तासभर आधी किंवा नंतर येऊन उभी राहते.