थिऑसफीतला आत्मा : पार्श्वभूमी

न्यूयॉर्कला १८७५ साली थिऑसफी या गूढविचाराची संस्था, थिऑसॉफिकल सोसायटी, निघाली तेव्हा माणूस सात तत्त्वांचा बनलेला असतो या कल्पनेचा मागमूस नव्हता. संस्थापिका ब्लाव्हाट्स्की यांच्या १८७७च्या पहिल्या मोठ्या ग्रंथात माणूस तीनच भागांचा आहे. शिवाय याच पृथ्वीवर पुन्हा जन्म घेणं हा तिथे नियम नसून अपवाद आहे. या विधानावर पुढे बरीच सारवासारव झाली.

१८७९मध्ये संस्थापक मुंबईत आले. १८८१पासून त्यांच्या मासिकात सात भागांचा माणूस दिसू लागला आणि १८८३च्या एका पुस्तकाने यादी रूढ केली : स्थूलदेह, प्राण, लिंगशरीर, कामरूप (वासनांचा देह), मनस्, बुद्धी, आत्मा.

आपला वाचक अडखळतो तो लिंगशरीरापाशी. सांख्यांचं लिंगशरीर अठरा तत्त्वांचं, वेदान्त्यांचं सतरा. पण दोन्हीकडे देह पडल्यावर पुढे जातं ते हेच. थिऑसफीतलं लिंगशरीर म्हणजे स्थूलदेहाची प्रतिकृती. ती प्रेताच्या आसपास राहते आणि त्याच्याबरोबरच विरून जाते. म्हणजे जे जन्मांतर करतं त्याचं नाव नेमकं नाश पावणाऱ्याला दिलं गेलं! थिऑसफीत मनसाचे वरचं आणि खालचं असे दोन भाग; पुढे जाण्याचं काम वरच्या मनसाकडे. खालचं मनस् कामरूपाला चिकटलेलं. 'जीव' शब्दाचेही असेच हाल : त्या यादीत तो प्राणाचा पर्याय म्हणून येतो. संस्कृत शब्द घेतले, अर्थ मात्र घरचे घातले, असंच म्हणावं लागतं.

हा आक्षेप बाहेरच्यांचाच होता असं नाही. मद्रासच्या एका वेदान्ती सभासदाने १८८६च्या अखेरीस गीतेवर व्याख्यानं देताना ही सप्तविभागणी अशास्त्रीय ठरवली आणि तीन उपाधी (आत्म्याची आवरणं) व आत्मा अशी चौपदरी मांडणी पुढे केली. १८८७मध्ये मासिकातून जाहीर वाद झाला. माझ्या मते त्याची बाजू भक्कम होती; संस्थापिकेचं उत्तर चतुर होतं, पण शब्दांचा घोळ तसाच राहिला.

१८८८मध्ये अंतर्गत साधकवर्ग सुरू झाला. त्याच्या गुप्त पाठांत यादी पुन्हा हलली. आत्मा सार्वत्रिक, म्हणून एकट्या माणसाचं तत्त्व म्हणून तो मोजायचा नाही. स्थूलदेहही गणतीतून बाहेर. त्याऐवजी देहाभोवतीचा तेजोमय कोश आला.

संस्थापिकेच्या निधनानंतर, १८९०च्या दशकात, पुढच्या पिढीने लिंगशरीराला 'ईथरिक' प्रतिदेह म्हणायला सुरुवात केली. तोवर 'ॲस्ट्रल' म्हणजे हेच लिंगशरीर होतं. आता ते नाव वासनादेहाला, म्हणजे कामरूपाला, मिळालं. १८८३चं 'ॲस्ट्रल' आणि १८९६चं 'ॲस्ट्रल' या दोन वेगळ्या वस्तू आहेत.