जाम बोल्ट काढणे (आउटबोर्ड मोटार)

होडीच्या मागच्या फळीला बसवायची जुनी आउटबोर्ड मोटार पुन्हा बांधताना गंजून बसलेले बोल्ट न मोडता सोडवण्याचे काम. मोटार खोलण्यात सर्वांत जास्त वेळ इथेच जातो आणि कारागिराची पारखही इथेच होते.

नागपूरला समुद्र नाही, पण तलाव आहेत, तोतलाडोहसारखे जलाशय आहेत आणि पूरही येतो. २३ सप्टेंबर २०२३ रोजी अंबाझरी तलाव ओसंडून वस्त्यांत पाणी शिरले, तेव्हा बचाव पथकांना होड्या उतरवाव्या लागल्या. अशा कामाची मोटार ऐन वेळी सुरू व्हायची, तर ती पावसाळ्याआधीच उघडून पाहिलेली बरी.

मोटारीचे अंग अ‍ॅल्युमिनियमचे आणि बोल्ट बहुधा स्टेनलेस स्टीलचे असतात. दोन्हींच्या मध्ये पाणी राहिले की विद्युतघट तयार होऊन अ‍ॅल्युमिनियम झिजते. त्यातून निघणारी पांढरी भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापते आणि आट्यांत ठासून बसते. खाऱ्या पाण्यात हे झपाट्याने होते, गोड्या पाण्यात सावकाश. त्यामुळे कोकणातून आणलेली जुनी मोटार जास्त छळते. गिअरकेस, थर्मोस्टॅटचे झाकण आणि एक्झॉस्ट कव्हर यांचे बोल्ट विशेष हट्टी असतात.

जोर लावायचा तो सर्वांत शेवटी. आधी तारेच्या ब्रशने भुकटी काढावी, गंज सोडवणारे तेल टाकून रात्रभर मुरू द्यावे आणि बोल्टच्या डोक्यावर हातोडीने हलके ठोके द्यावेत. गोटी पाना सहा कोनांचाच घ्यावा; बारा कोनांच्या पान्याने डोके गोल होते. बोल्ट आधी किंचित आवळावा, मग सोडावा. हलला की पाव फेरा पुढे, थोडा मागे, पुन्हा तेल. एका दमात फिरवला की तो मोडलाच समजा.

तरीही हलला नाही तर उष्णता. तापवायचे ते बोल्टभोवतीचे अंग, कारण अ‍ॅल्युमिनियम स्टेनलेसपेक्षा सुमारे एक तृतीयांश जास्त प्रसरण पावते आणि पकड सैल होते. मात्र अ‍ॅल्युमिनियम लाल न होताच ६६० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते, म्हणून ज्योतीपेक्षा हीट गन भली. पेट्रोलची टाकी आणि नळी आधी दूर करावी, सांडलेले तेल पुसून घ्यावे.

डोके तुटून बुंधा वर राहिला असेल, तर त्यावर नट वेल्ड करणे हा उत्तम उपाय. वेल्डिंगच्या उष्णतेनेही आटे सुटतात. इझी-आउट (तुटलेल्या बोल्टात भोक पाडून, त्यात रुतवून तो उलटा फिरवून काढण्याचे हत्यार) जपून वापरावे. ते आत तुटले तर त्या कडक पोलादाला साधे ड्रिल लागत नाही. नाइलाजाने बोल्ट ड्रिलने पोखरून काढलाच, तर टॅप मारून (म्हणजे भोकात नवे आटे पाडून) हेलिकॉइल, म्हणजे आट्यांचे काम करणारी तारेची गुंडाळी, बसवता येते.

बदली बोल्ट नागपुरातल्या इतवारीच्या लोहाओळीतून आणताना जुना बोल्ट सोबत न्यावा: जुन्या अमेरिकी मोटारींचे आटे इंची, जपानी मोटारींचे मिलिमीटरचे असतात. बसवताना आट्यांना मरीन ग्रीस लावावे. अंगावरचा जस्ताचा अ‍ॅनोडही (मोटारीच्या अंगाऐवजी स्वतः झिजणारा तुकडा) तपासावा. गोड्या पाण्यात त्यावर थर चढून तो निकामी होतो, म्हणून तलावातल्या मोटारीला मॅग्नेशियमचा लावतात.