टर्मिनलातला सोशल मीडिया

अ‍ॅप किंवा ब्राउझर न उघडता, टर्मिनलच्या काळ्या खिडकीत कमांडा टाईप करून पोस्टी वाचणं, टाकणं, उत्तरं देणं, कोणाला फॉलो करणं, याला कमांड लाइन क्लायंट वापरणं म्हणतात. यात दोन जाती आहेत. एकीत एक ओळ टाईप केली, एंटर मारलं, काम झालं, संपलं. दुसरी पूर्ण स्क्रीनभर पसरते, डावीकडं पोस्टींची यादी, उजवीकडं निवडलेली पोस्ट, खाली कोणत्या बटणानं काय होतं ते, हिला टीयूआय म्हणतात. माऊस दोन्हीला लागत नाही. खेड्यात हे कोणी पाहिलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘हॅकिंग करून राह्यला का रे बाबू?’ आमच्या काकाजींना तीनदा सांगितलं की नुसत्या पोस्टी वाचून राह्यलो, पण सिनेमातला हॅकर असाच दिसतो ना, त्यामुळे विश्वास काही बसला नाही.

तसं पाहिलं तर सोशल मीडिया सुरू झाला तोच टर्मिनलात. 1971 साली लेस अर्नेस्ट यांनी स्टॅनफर्डच्या एआय लॅबमध्ये ‘फिंगर’ नावाचा प्रोग्राम लिहिला, मशीनवर आत्ता कोण बसलंय, कोण उठून गेलं हे त्यात दिसायचं, आणि पुढं लोक आपल्या ‘प्लॅन’ नावाच्या फाईलीत सध्या काय चाललंय ते लिहून ठेवायला लागले. पारावर ‘बापू दिसून नाही राह्यले?’ आणि ‘वावरात गेले, ओलीत सुरू आहे’ असं जे चालतं तेच हे, फक्त कॉम्प्युटरवर. 1978 मध्ये शिकागोत वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी सुएस यांनी फोनच्या लाईनीवर चालणारा सीबीबीएस, म्हणजे कॉम्प्युटरवरचा सूचना फलक, सुरू केला, 1988 मध्ये फिनलंडच्या औलू शहरात यार्को ओइकारिनेन यांनी आयआरसी हे गप्पांचं नेटवर्क काढलं. आयआरसी अजून चालू आहे आणि त्याचे इर्सी, वीचॅट (चिनी अ‍ॅप नव्हे) हे टर्मिनलवाले क्लायंट आजही लोक दिवसभर उघडे ठेवतात.

ट्विटर 2006 ला आलं तेव्हा टर्मिनलवाल्यांची चांदी होती. 140 अक्षरांची मर्यादाच एसएमएसच्या 160 अक्षरांवरून आलेली, म्हणजे सगळा मामला मजकुराचाच. ‘कर्ल’ या वेबवर मजकूर धाडणाऱ्या कमांडेची एक ओळ, त्यात यूजरनेम-पासवर्ड आणि मजकूर, एवढ्यात ट्वीट जायचं. ऑगस्ट 2010 मध्ये ओऑथ, म्हणजे क्लायंटला पासवर्ड न देता नुसती परवानगी द्यायची पद्धत, सक्तीचं झालं आणि ती सोय गेली, तरी पर्ल भाषेतला टीटीवायटर, पायथनमधला रेनबो स्ट्रीम, रुबीमधला नुसता ‘टी’ असे क्लायंट लोक वापरत राहिले. 2012 ला ट्विटरनं नियम आवळले, जानेवारी 2023 मध्ये बाहेरच्या क्लायंटांची वाट बंद केली आणि पुढं फुकटातलं एपीआयही गेलं. एपीआय म्हणजे बाहेरच्या प्रोग्रामांना आत यायची वाट, कॅनॉलचं गेट समजा, तुमचं वावर कितीही चांगलं नांगरलेलं असो, पाणी सोडायचं की नाही ते वरचा ठरवतो.

म्हणून आता टर्मिनलवाले बहुतेक मॅस्टोडॉन या ट्विटरसारख्या नेटवर्कवर सापडतात. ऑयगन रोखको यांनी ते 2016 ला आणलं, त्यात एक मालक नाही, वेगवेगळे सर्व्हर आहेत आणि ते अ‍ॅक्टिव्हिटीपब नावाच्या प्रोटोकॉलनं एकमेकांशी बोलतात, तो जानेवारी 2018 पासून डब्ल्यू-थ्री-सी या वेबचे नियम ठरवणाऱ्या संस्थेचं अधिकृत मानक आहे. एक गेट बंद झालं तर दुसऱ्या सर्व्हरवर जाता येतं. यासाठी पायथनमधला ‘टूट’ आणि गो भाषेतला ‘टट’ हे दोन चांगले क्लायंट आहेत.

लॅपटॉप नसला तरी अडत नाही, अँड्रॉइडवर टर्मक्स हे टर्मिनलचं अ‍ॅप टाकायचं (एफ-ड्रॉइड या अ‍ॅप स्टोअरवरून घ्या), त्यात पायथन, मग पिप या पायथनच्याच कमांडेनं टूट. ‘टूट लॉगिन’ म्हटलं की ब्राउझर उघडतो, परवानगी दिली की एक कोड मिळतो, तो परत टर्मिनलात चिकटवायचा. मग ‘टूट टाइमलाइन’ म्हणजे वाचणं, ‘टूट पोस्ट’ म्हणजे टाकणं, ‘टूट टीयूआय’ म्हणजे पूर्ण स्क्रीन, त्यात जे आणि के नं खालीवर, आर नं उत्तर, बी नं बूस्ट (दुसऱ्याची पोस्ट पुढं पाठवणं), व्ही दाबलं की तीच पोस्ट ब्राउझरात. टर्मक्समध्ये मराठी टाईप करताना कीबोर्ड शब्द सुचवत नाही, लय त्रास होतो, पण खालची ईएससी-कंट्रोलवाली पट्टी बाजूला सरकवली की मजकुराचा साधा चौकोन येतो, त्यात निवांत मराठी लिहा आणि एंटर मारा. मला हे सहा महिन्यांनी कळलं.

पहिल्या पोस्टीची फजिती सगळ्यांची होते. मी मजकूर नीट अवतरणात टाकला, ‘पाऊस आला एकदाचा’, आणि अवतरण बंद करून पुढं मोकळा हॅशटॅग दिला, कपाशीचा. पोस्ट गेली, हॅशटॅग गायब. तीनदा केलं, तिन्हीदा गायब, मला वाटलं सर्व्हरच खराब आहे. तर बॅश, म्हणजे टर्मिनलात आपल्या कमांडा वाचणारा प्रोग्राम, हॅशच्या खुणेपासून पुढचं सगळं टिप्पणी समजून सोडून देतं. डॉलरचं चिन्हही तसंच, त्याला चिकटलेला शब्द बॅश दुहेरी अवतरणातसुद्धा गिळून टाकतं, म्हणून हॅशटॅगासकट सगळा मजकूर एकेरी अवतरणात टाकायचा हे पक्कं लक्षात ठेवा.

आता हे सगळं कशासाठी, तर रेंजसाठी. घाटंजीकडं किंवा मेळघाटात स्लॅबवर चढल्यावर फोरजीची एक काडी येते, लाईन गेली की टॉवरही थोड्या वेळात झोपतो. जुन्या टर्मिनलची स्क्रीन 80 रकाने आणि 24 ओळींची, म्हणजे 1920 घरं. देवनागरीचं एक चिन्ह यूटीएफ-8 या अक्षरं साठवायच्या पद्धतीत 3 बाइटचं, सगळी घरं भरली तरी सहा केबीच्या आत, मात्रा-वेलांट्या धरून दहाएक केबी समजा. सुप्रभातचा गुलाबवाला एक फोटो याच्या कितीतरी पट असतो. एक बारकावा आहे, टूट फोनवरच चालवलं तर चार ओळींच्या पोस्टीसोबत लिहिणाऱ्याची सगळी कुंडली डाउनलोड होते, म्हणून काही जण क्लायंट लांबच्या सर्व्हरवर चालवतात आणि एसएसएच या दुरून लॉगिन करायच्या कमांडेनं तिथं शिरतात, फोनवर फक्त अक्षरं येतात. सोबत त्या सर्व्हरवर टीमक्स हा प्रोग्राम ठेवला की रेंज गेली तरी तिकडचं काम जसंच्या तसं उभं राहतं. एसएसएचमध्ये मात्र अक्षर टाईप केलं की सर्व्हरकडं जाऊन परत येईपर्यंत दिसत नाही, कमजोर नेटवर जीव जातो. त्यावर 2012 ला आलेलं ‘मॉश’ हा इलाज, ते अक्षर अंदाजानं लगेच दाखवतं आणि टॉवर बदलला तरी तुटत नाही. यवतमाळहून पांढरकवड्याच्या एसटीत बसून मी हे केलेलं आहे, धक्क्यांनी चुका होतात त्या मॉशच्या नाही.

मराठी वाचायला घेतली की खरी परीक्षा. टर्मिनल बांधलंय एका घरात एक अक्षर या हिशोबानं, आणि आपलं तसं नाही. ‘वर्धा’ दिसायला दोन अक्षरं, आत व, र, हलन्त, ध आणि काना अशी पाच चिन्हं, 15 बाइट. अमरावती, यवतमाळ बऱ्यापैकी निघतात कारण काना आणि दीर्घ वेलांटी उजवीकडंच असते, गडचिरोलीत ‘चि’ची वेलांटी भलत्या बाजूला पडते आणि वर्ध्याचा रफार कुठं जाईल सांगता येत नाही. कर्सर एक घर पुढं, बॅकस्पेस दाबला तर आख्खं अक्षर न जाता नुसती मात्रा जाते. एमएलटर्म आणि कॉन्सोल या टर्मिनलांत बरं दिसतं. बाकी ठिकाणी पोट्टे कंटाळून रोमनमध्ये मराठी लिहितात.

लॉगिनची किल्ली साध्या मजकुरात फाईलीत पडून राहते, त्यामुळे सेतू केंद्राच्या किंवा मित्राच्या कॉम्प्युटरवर हे करू नका, केलं असेल तर अकाउंटच्या सेटिंगमधून त्या क्लायंटची परवानगी काढून टाका.

फोटोचा प्रश्न सुटत नाही. मॅस्टोडॉनवर फोटोखाली 1500 अक्षरांपर्यंत वर्णन लिहिता येतं, लिहिलं असेल तर टर्मिनलात ते वाचता येतं, पण मराठीत ते लिहितो कोण, मग नुसती लिंक दिसते. आणि गाव तर सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर. त्याचा टर्मिनलसाठी अधिकृत क्लायंट नाही, एनचॅटसारखे अनधिकृत चालतात पण नंबर बंद होण्याची भीती असते, आणि बँक, आधार, गॅस सगळं त्याच एका नंबरवर. बाजार समितीचा कापसाचा भाव रोज ग्रुपवर येतो तो पाटीचा फोटो म्हणून, तिरपा, अर्ध्यावर कोणाचं तरी बोट. तो मी काकाजींच्या फोनवर पाहतो. ‘काहून, तुह्या त्या काळ्या खिडकीत भाव नाही दिसत का?’ असं ते दर वेळी विचारतात.