महामारीतली फोनवरची रुग्णसेवा आणि मेडिकलचे विद्यार्थी (गोवा)

साथीच्या काळात जे पेशंट घरीच असतात त्यांची मेडिकलचे विद्यार्थी फोनवरून किंवा व्हिडिओ कॉलवरून रोज विचारपूस करतात, ताप किती, ऑक्सिजन किती, धाप लागते का, पोटात काही जातंय का, आणि बिघडतंय असं वाटलं की सीनियर डॉक्टरला कळवतात, त्या कामाबद्दल ही नोंद आहे. औषध ठरवणं ह्यात येत नाही. नजर ठेवायची आणि वेळेत हाक मारायची एवढंच, पण कोविडमध्ये कितीतरी माणसं नेमकी तिथेच हातची गेली, म्हणून हे काम छोटं समजू नये.

कारण ह्या आजाराची चालच तशी होती. बहुतेकांना पहिले चार-पाच दिवस नुसता ताप, खोकला, अंगदुखी, आणि मग साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या मधे काहींचा ऑक्सिजन उतरायला लागायचा, तोसुद्धा असा की माणूस खुर्चीत बसून व्यवस्थित बोलतोय, धाप नाही काही नाही, आणि बोटाला ऑक्सिमीटर (रक्तातला ऑक्सिजन मोजायचं छोटं यंत्र) लावला तर ८८, म्हणजे धोक्याचा आकडा. म्हणजे पहिल्या दिवशी एक फोन करून "बरे आहात ना" विचारण्याला फारसा अर्थ नव्हता. आठव्या दिवशी, पेशंटला स्वतःला बरं वाटत असताना, परत केलेला फोन जास्त महत्त्वाचा.

साथीत विद्यार्थ्यांना कामाला लावणं नवीन नाही. १९५२ मध्ये कोपनहेगनला पोलिओची साथ आली तेव्हा श्वासाची मशीन पुरेनात, म्हणून शेकडो मेडिकल विद्यार्थी पाळीपाळीने पेशंटजवळ बसून हाताने रबरी पिशवी दाबत राहिले, आजच्या आयसीयूची सुरुवात तिथून धरतात. कोविडमध्ये मात्र उलटं झालं. १७ मार्च २०२० ला अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजांच्या संघटनेने विद्यार्थ्यांना पेशंटपासून लांब ठेवा असं सुचवलं, आपल्याकडेही मार्चमध्येच कॉलेजं बंद होऊन मुलं घरी गेली, आणि मग घरी बसून काय करता येईल ह्यातून जगभर फोनची कामं पुढे आली: हेल्पलाइनवर बसणं, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना कॉल करणं, घरी असलेल्या पेशंटचा फॉलोअप.

गोव्यात वैद्यकीय शिक्षण जुनं आहे. पोर्तुगीज काळात १८४२ ला पणजीत सुरू झालेली शाळा म्हणजेच पुढचं गोवा मेडिकल कॉलेज, आपलं बांबोळीचं गोमेकॉ. गोव्यात पहिले तीन पॉझिटिव्ह पेशंट सापडल्याचं जाहीर झालं ते २५ मार्च २०२० ला, आणि देशातली टेलिमेडिसिनची, म्हणजे लांबून फोन-व्हिडिओवरून उपचार करण्याची, मार्गदर्शक तत्त्वंही त्याच तारखेची. त्यात स्पष्ट आहे की फोनवरून सल्ला आणि प्रिस्क्रिप्शन फक्त रजिस्टर्ड डॉक्टरने द्यायचं. विद्यार्थी हा रजिस्टर्ड डॉक्टर नसतो, त्यामुळे त्याने कितीही पाठ केलं असलं तरी "ही गोळी घ्या" म्हणायचा त्याला अधिकार नाही, फोनवर तर नाहीच. ही मर्यादा मला अडचण वाटत नाही, विद्यार्थ्यालाही तीच वाचवते आणि पेशंटलाही.

एप्रिल २०२० मध्ये केंद्राची ई-संजीवनी ओपीडी (घरबसल्या व्हिडिओवरून डॉक्टरचा सल्ला) सुरू झाली, गोव्यात मडगावचं ईएसआय हॉस्पिटल कोविडसाठी ठेवलं गेलं, जूनमध्ये वास्कोचं मांगोर हिल कंटेनमेंट झोन झालं, आणि त्या पावसाळ्यात पेशंट एवढे वाढले की सौम्य त्रास असलेल्यांना घरीच राहू द्यायला लागले. चवथीच्या दिवसांत कितीतरी घरांत एक खोली बंद आणि दाराबाहेर पेजेचं ताट असं चित्र होतं. पुढे सरकारने होम आयसोलेशनचं किट दिलं, त्यात ऑक्सिमीटर आणि थर्मामीटर आले, आणि फोनवरच्या माणसाला पहिल्यांदा विचारायला आकडे मिळाले.

विद्यार्थ्यांना सरकारी परवानगी आली ती दुसऱ्या लाटेत. ३ मे २०२१ ला केंद्राने ठरवलं की शेवटच्या वर्षाच्या एमबीबीएस विद्यार्थ्यांना प्राध्यापकांच्या देखरेखीखाली टेलिकन्सल्टेशन आणि सौम्य पेशंटवर लक्ष ठेवण्यासाठी वापरता येईल, इंटर्नना थेट कोविड ड्युटी देता येईल, पदव्युत्तर प्रवेशाची 'नीट' परीक्षा किमान चार महिने पुढे ढकलायची, आणि १०० दिवस कोविड ड्युटी करणाऱ्यांना पुढच्या सरकारी भरतीत प्राधान्य. तेव्हा गोव्यात काही दिवस असे गेले की तपासलेल्या दर दोन माणसांत एक पॉझिटिव्ह निघत होता. आणि ११ मे ला पहाटे दोन ते सहाच्या मधे गोमेकॉत २६ पेशंट गेले, आरोग्यमंत्री विश्वजित राणे यांनीच हा आकडा सांगितला, ऑक्सिजनपुरवठ्याचा विषय तेव्हा मुंबई हायकोर्टाच्या गोवा खंडपीठापुढे चाललेला होता. अशा वेळी फोनचा खरा कस लागतो. समोरून ८९ ऐकल्यावर विद्यार्थ्याने सीनियरला कळवलं, सीनियरने १०८ ची अँब्युलन्स पाठवायला सांगितलं, पण पुढे बेड नसेल किंवा बेडला ऑक्सिजन नसेल तर त्या फोनचं करायचं काय? फोनसेवेला पर्यायी आरोग्यव्यवस्था म्हणणारे लोक भेटतात त्यांनी हे नीट समजून घ्यावं, फोन फक्त तेवढाच उपयोगी जेवढी त्याच्या मागची अँब्युलन्स आणि बेड.

आता कॉल प्रत्यक्षात कसा करायचा ते बघू, कारण सगळं कसब तिथे आहे. ऑक्सिमीटरवर दोन आकडे येतात, एक ऑक्सिजनचा आणि एक नाडीचा, आणि घाबरलेली माणसं हमखास नाडीचा वाचून दाखवतात. त्याहून वाईट म्हणजे यंत्र उलटं धरलं तर ८६ हा आकडा सरळ ९८ दिसतो! म्हणजे ज्याला लगेच हलवायला हवं तो फोनवर एकदम ठणठणीत ठरतो. म्हणून आकडा ऐकून फोन ठेवायचा नाही, यंत्रावर ऑक्सिजनचं नाव कुठे लिहिलंय ते सरळ वाचता येतंय का विचारायचं, नखाला पॉलिश आहे का, बोट गार आहे का, तसं असेल तर बोट चोळून परत लावून अर्धा मिनिट थांबायचं. मग घरातल्या घरात सहा मिनिटं चालायला लावून पुन्हा आकडा घ्यायचा (हे मात्र तब्येत बघून, ज्याला बसूनच ९४ च्या खाली येतंय त्याला चालवायचं नाही). एका दमात किती आकडे मोजता येतात ह्यावरून ऑक्सिजन ओळखायची युक्ती तेव्हा फार फिरली, तिच्यावर विसंबू नये असं जाणकारांनी २०२० मध्येच सांगितलं होतं. त्यापेक्षा आजी एक वाक्य पुरं बोलते की मधेच थांबून श्वास घेते ते कान देऊन ऐकावं, आणि तिच्या सुनेला वेगळं विचारावं, "आज संडासला स्वतः गेल्या का? काल जेवढं जेवल्या तेवढं आज जेवल्या का?" सुनेच्या उत्तरात पुष्कळदा जास्त माहिती असते.

भाषेचा मुद्दाही गोव्यात मोठा. पेडणे, डिचोली, सत्तरीकडे मराठी-कोंकणी मिसळून बोलतात, मांगोर हिलसारख्या वस्तीत कन्नड आणि हिंदी लागते, सासष्टीतल्या एखाद्या म्हाताऱ्याशी त्याच्या वळणाच्या कोंकणीतच बोललं तर तो खरं सांगतो. मेडिकलचा अभ्यास सगळा इंग्लिशमध्ये आणि पेशंट सांगणार "छातीत भरल्यासारखं वाटतंय", हे चांगलं समजणारा स्थानिक मुलगा किंवा मुलगी फोनवर असणं ही मोठी जमेची बाजू. सत्तरी, सांगे, काणकोणच्या काही वाड्यांवर रेंजच नसते, तिथे हे सगळं कमी पडतं, तिथे आशाताई किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राची नर्सच जायला हवी.

लोक प्रश्नही अवघड विचारायचे. मे २०२१ मध्ये गोवा सरकारने १८ वर्षांवरच्या सगळ्यांना प्रतिबंधक म्हणून आयव्हरमेक्टिन (एरवी जंतांवर देतात ते औषध) द्यायचं जाहीर केलं, आणि जागतिक आरोग्य संघटना मार्चपासूनच सांगत होती की कोविडवर हे औषध फक्त चाचण्यांमध्ये वापरा. अशात "बाळा, घेऊ की नको?" असं कुणी मावशीने विचारलं तर विद्यार्थ्याने स्वतःचं मत न देता सीनियर डॉक्टरला लाइनवर घेणं हेच बरोबर. स्टेरॉइडचं तर आणखी गंभीर, ऑक्सिजन लागणाऱ्यांना त्याचा फायदा होतो हे २०२० मध्ये सिद्ध झालं, पण ज्यांना ऑक्सिजन लागत नाही त्यांना फायदा दिसला नाही, आणि डायबेटिस असलेल्या माणसाने शेजाऱ्याची चिठ्ठी बघून ते सुरू केलं की साखर चढते, वर म्युकरमायकोसिसची (काळ्या बुरशीच्या आजाराची) भीती. "कुठली गोळी चालू आहे, कुणी सांगितली" हा प्रश्न म्हणून रोज विचारावा.

डॉक्टर नसलेल्या पण नीट शिकवलेल्या माणसांनी काळजी घेतली तर उपयोग होतो का, ह्याचा एक चांगला पुरावा गोव्यातच आहे. मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या गोव्यातल्या संगाथ संस्थेशी जोडलेल्या संशोधकांचा 'मानस' नावाचा प्रयोग, २०१० मध्ये लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात आला, सरकारी आरोग्य केंद्रांमध्ये साध्या समुपदेशकांनी नैराश्य आणि चिंतेच्या पेशंटना मदत केली आणि ते बरे व्हायला त्याचा फायदा झाला. पण त्यांच्यामागे ट्रेनिंग आणि देखरेख होती. २०२१ मध्ये फोनवर बसू शकणारी शेवटच्या वर्षाची बॅच जुन्या अभ्यासक्रमातली, पेशंटशी बोलण्याचे आणि नीतिमत्तेचे धडे असलेला नवा अभ्यासक्रम २०१९ च्या बॅचपासून लागू झाला. म्हणजे ज्यांना ते काम आलं त्यांना वर्गात कुणी शिकवलेलं नव्हतं की काल ज्या काकांशी बोललो त्यांच्या नंबरवर आज मुलगा रडत फोन उचलतो तेव्हा काय बोलायचं. अशा कॉलनंतर त्या मुलाला लगेच पुढचा नंबर लावायला देऊ नये, कुणीतरी मोठ्याने त्याच्याजवळ बसावं. आणि पेशंटची यादी, नंबर, रिपोर्ट विद्यार्थ्याच्या स्वतःच्या व्हॉट्सअॅपवर पडून राहू नयेत, लहान गावात कोण पॉझिटिव्ह हे कळलं की तेव्हा लोक वाळीत टाकल्यासारखे वागत होते.

गोमेकॉचं सांताक्रुझला शहरी आरोग्य केंद्र आहे आणि मंडूरला ग्रामीण, विद्यार्थी तिथे जातातच. शिवाय २०२२ पासून राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नियमाने प्रत्येक नव्या एमबीबीएस विद्यार्थ्याला गावातली काही कुटुंबं दत्तक घेऊन वर्षानुवर्षं त्यांच्या संपर्कात राहायचं असतं. पुढची साथ आली तर फोनवरून नजर ठेवायचं काम ह्याच मुलांकडे, त्यांच्या ह्याच कुटुंबांसाठी द्यावं असं मला ठामपणे वाटतं, कारण घरात कुणाला डायबेटिस आहे, म्हाताऱ्या आजीला कोण बघतं, आणि कुणाच्या मोबाइलवर रेंज येते, हे त्यांना आधीच माहीत असेल.